कोरफडीची भूक



कोरफड आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. कुणी ती बांधावर लावतो. कुणी डब्यात लावतो. कुणी दृष्ट लागू नये म्हणून दारावर उलटी टांगतो. टांगलेली कोरफडसुद्धा बरेच दिवस हिरवी राहते. तिच्या जाड पानांत पाणी साठलेले असते ना! म्हणून आपल्याला वाटते, हिला काहीच लागत नाही. पण तसे नाही, बरे का! कोरफडीलाही भूक असते. ती कशाची, हे मला म्हातारपणी कळले.

आमच्या सूनबाईने माहेरहून कोरफडीचे एक पिल्लू आणले. तिच्या आईने ते स्वतःच्या हाताने काढून दिले होते. पुढे आई वारली. मागे राहिले ते एवढे रोप. मुले पाने तोडतील, म्हणून सूनबाईने त्याचा डबा माजघरातल्या कोनाड्यात ठेवला.

दोन-तीन महिन्यांनी पाने पिवळट झाली. लांब आणि बारीक झाली. ताठ उभी राहीनात. सगळी दाराच्या बाजूला झुकली.

सूनबाई म्हणाली, "मामंजी, हिला काय झालं असेल?"

मी पडलो मास्तर. मला सगळे ठाऊक! मी म्हणालो, "तहान लागली असेल. रोज तांब्याभर पाणी घाल."

पंधरा दिवसांत पाने बुडाशी मऊ पडली. मातीला कुजका वास येऊ लागला. सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आले.

शेजारच्या आजींचा जन्म बागेत काम करण्यात गेला. त्यांनी रोप उपटून पाहिले. मुळे काळी पडली होती. आजी म्हणाल्या, "गुरुजी, हिला तहान नव्हती. हिला उजेड नव्हता. नवरात्रात घटाचं धान देवघरात कसं उगवतं? पिवळं आणि लांबडं. शेतातलं तसं असतं का?"

मी गप्प झालो. शाळेत मी हेच शिकवीत होतो. पान म्हणजे झाडाचे स्वयंपाकघर आणि उजेड म्हणजे चूल. पाणी आणि हवा यांपासून पान अन्न तयार करते, पण उजेड असला तरच. उजेड नसला की झाड उपाशी राहते. उजेड शोधायला ते लांब लांब वाढते. त्याला पाणीही थोडेच लागते. उरलेले पाणी मातीत साचते. मुळांना हवा मिळत नाही. मुळे कुजतात.

रोपाचा मधला कोंभ अजून घट्ट होता. आम्ही कुजकी मुळे आणि मऊ पाने कापून टाकली. रोप तीन दिवस सावलीत सुकू दिले. डब्याच्या बुडाला भोके पाडली. निम्मी माती, निम्मी वाळू घेऊन त्यात रोप लावले. आठवडाभर पाणी घातले नाही. मग डबा ओसरीवर आणला. प्रथम तासभर सकाळचे कोवळे ऊन दिले. पुढे पंधरा दिवसांत ऊन थोडे थोडे वाढवले. अंधारातले रोप एकदम कडक उन्हात ठेवू नये. पाने करपून तांबूस होतात.

तीन महिन्यांनी नवी पाने आली. आखूड, जाड, हिरवीगार. जुनी पाने मात्र लांबच राहिली. लांबलेले पान पुन्हा आखूड होत नाही. म्हणून नवे पान कसे येते, ते पाहावे.

एवढे ध्यानात ठेवा :

१. पाने फिकी, लांब आणि झुकलेली असली, तर उजेड कमी आहे. रोप खिडकीशी किंवा ओसरीवर ठेवा.

२. पाने पातळ, सुरकुतलेली आणि माती कोरडी असली, तर तहान आहे. पाणी द्या.

३. पाने बुडाशी मऊ, काळपट आणि माती ओली असली, तर पाणी जास्त झाले. पाणी बंद करा. मुळे पाहा.

४. डब्याला भोके हवीतच. पावसाळ्यात रोप पागोळीखाली ठेवू नका.

आता त्या कोरफडीला दोन पिल्ले फुटली आहेत. एक सूनबाईने आपल्या धाकट्या बहिणीला दिले. आईची आठवण दोन्ही घरी राहिली.

तुमच्या घरची कोरफड पिवळी दिसली, तर माझ्यासारखी घाई करू नका. आधी मातीत दोन पेरे बोट घालून पाहा. माती ओली लागली, तर तांब्या खाली ठेवा आणि डबा उजेडात न्या.