एकच माल, भाव मात्र अनेक : अमेरिकेतील ‘मेडिगॅप’ विमा

बाजारात दोन वस्तूंचे भाव वेगळे दिसले की मालातच काही फरक असेल, असे आपण धरून चालतो. विम्याच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. अटी वेगळ्या, म्हणून हप्ता वेगळा. परंतु अमेरिकेत वृद्धांसाठी एक विमा असा आहे की ज्याचे लाभ कायद्याने सर्व कंपन्यांना सारखेच ठेवावे लागतात, आणि तरीही हप्ते निरनिराळे असतात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला विचार करायला लावणारा असा हा प्रकार मला वाटला, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम मूळ योजना पाहू. ३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली. मुख्यतः ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी असलेल्या या सरकारी विम्याचा ‘अ’ भाग रुग्णालयाचा आणि ‘ब’ भाग डॉक्टरी उपचारांचा. पण सरकार सगळेच बिल भरत नाही. २०२५ सालचे ‘ब’ भागाचे आकडे घ्या. वर्षातले पहिले २५७ डॉलर रुग्णाचे. त्यापुढच्या मान्य बिलातले २० टक्के पुन्हा रुग्णाचेच. म्हणजे १०,००० डॉलरच्या बिलात त्याच्या वाट्याला २,२०५ डॉलर ६० सेंट येतात, तर एक लाखाच्या बिलात २०,२०५ डॉलर ६० सेंट. या २० टक्क्यांना वरची मर्यादाच नाही. खरी धास्ती आहे ती इथे.

हे भगदाड बुजवण्यासाठी खासगी कंपन्या जो पूरक विमा विकतात तो मेडिगॅप. पूर्वी प्रत्येक कंपनीची पॉलिसी निराळी असल्यामुळे तुलना करणे कठीण होते, आणि भाबड्या म्हाताऱ्यांच्या गळ्यात एकाच कामाच्या दोन-दोन पॉलिसी मारल्या जात. १९९० च्या कायद्याने ठराविक नमुने ठरवून त्यांना इंग्रजी अक्षरांची नावे देण्याचे ठरले व १९९२ पासून ते अमलात आले. (मॅसॅच्युसेट्स, मिनेसोटा व विस्कॉन्सिन या राज्यांची रचना मात्र स्वतंत्र आहे.) आता ‘जी’ प्लॅन कोणाकडूनही घ्या, त्याचे मूळ लाभ तेच. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून आलेली ‘आरोग्य संजीवनी’ याच जातीची. नमुना एक, हप्ता ज्या त्या कंपनीचा.

अक्षरांमधला फरक कधी अगदी थोडा असतो. ‘एफ’ प्लॅन ते पहिले २५७ डॉलर भरतो, ‘जी’ भरत नाही. बाकी दोन्ही सारखे. तेव्हा ‘एफ’चा वार्षिक हप्ता २५७ हून अधिक डॉलरांनी जास्त असेल, तर तो घेणारा तोट्यात, हे सांगायला चार्टर्ड अकाउंटंट नको! असो. १ जानेवारी २०२० पासून मेडिकेअरला नव्याने पात्र झालेल्यांना ‘एफ’ घेताच येत नाही.

कन्नड विभागातल्या माझ्या एका मित्राने हे ऐकून लगेच विचारले, “मग महाग कंपनीकडे जातो कोण?” आपल्या रविवार पेठेत एकाच गिरणीच्या तांदळाचे पोते दोन दुकानांत दोन भावांनी मिळाले, तर आपण स्वस्तातले उचलू आणि ते बरोबरच ठरेल. पण तांदूळ एकदाच घ्यायचा असतो. विम्याचा हप्ता मरेपर्यंत भरायचा असतो. येथे आकारणीची पद्धत आडवी येते. पहिल्या पद्धतीत ६५ वर्षांचा आणि ८० वर्षांचा, दोघांना एकच दर. दुसरीत पॉलिसी घेताना जे वय असेल त्यावर दर बसतो. पुढे केवळ वय वाढले म्हणून तो वाढत नाही. तिसरीत मात्र वयाबरोबर हप्ताही चढत जातो. उपचारांच्या महागाईची वाढ तिन्ही पद्धतींत होतेच. ६५ व्या वर्षी सामान्यतः तिसरी पद्धत सर्वांत स्वस्त दिसते, आणि गिऱ्हाईक नेमके तेथेच फसते.

पुढे हप्ता डोईजड झाला तर कंपनी बदलावी म्हणाल, तर तेही सोपे नाही. ६५ वर्षे पूर्ण होऊन ‘ब’ भाग सुरू झाला की सहा महिने कोणतीही कंपनी प्रकृतीचे कारण सांगून नकार देऊ शकत नाही. ती मुदत संपल्यावर बहुतेक राज्यांत, काही ठराविक प्रसंग सोडले तर, कंपनी दुखणी विचारू शकते आणि नाकारूही शकते. न्यूयॉर्क व कनेक्टिकटमध्ये हे दार वर्षभर उघडे असते. पण आजारी पडल्यावरच विमा घेणारेही त्यातून आत येतात आणि त्याचा भार सर्वांच्या हप्त्यावर पडतो. माझ्या मते तरीही हा सौदा अधिक न्याय्य आहे. पंचाहत्तरीत मधुमेह जडलेल्या माणसाला ‘दुसरे दुकान पाहा’ म्हणण्यात काय अर्थ?

आपल्यापैकी काहींचे भाऊ-बहीण तिकडे स्थायिक आहेत व आईवडिलांना ग्रीनकार्डावर नेण्याचा बेत करतात. त्यांनी हिशेब आधीच मांडावा. वडील ६८ व्या वर्षी गेले, तर सलग पाच वर्षे राहिल्यावर, म्हणजे ७३ व्या वर्षी, त्यांना मेडिकेअर विकत घेता येते, आणि सहा महिन्यांची ती मुदत ‘ब’ भाग सुरू झाल्यावर लागते. मेडिगॅपला दोन्ही भाग हवेत. स्वतःची वा जोडीदाराची तेथे नोकरी झालेली नसेल, तर २०२५ च्या दराने ‘अ’ भागाचे ५१८ आणि ‘ब’ भागाचे १८५, असे दरमहा ७०३ डॉलर होतात. मेडिगॅपचा हप्ता त्याहून वेगळा.