विरजणाची तबकडी

दूध दह्यात रूपांतरित व्हावयाचे, तर आधी थोडे तरी दही हाताशी असावे लागते. घरातले विरजण संपले, की गृहिणी वाटी घेऊन शेजारी जाते. संगणकाची अडचण नेमकी अशीच आहे. त्याची सारी कामे 'ऑपरेटिंग सिस्टीम' नावाची मूलप्रणाली चालविते; परंतु ही प्रणालीच बिघडली अथवा बदलावयाची झाली, तर नवी बसविण्याचे काम कोणी करावयाचे? यंत्राबाहेरून आणलेल्या विरजणाला 'बूटेबल डिस्क' म्हणतात. स्वतःच्याच बुटाचा पट्टा ओढून स्वतःला वर उचलणे, अशी जी इंग्रजी कल्पना आहे, तिच्यावरून 'बूट' हा शब्द आला.

या प्रश्नाला आज एक निकड आली आहे. 'विंडोज १०' या प्रणालीचे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. आणि तिच्या पुढच्या आवृत्तीच्या अटी अनेक जुन्या यंत्रांना पुऱ्या करता येत नाहीत. यंत्र धडधाकट, पण प्रणाली असुरक्षित, अशी ही स्थिती होय. असे यंत्र भंगारात घालण्याऐवजी त्यावर 'लिनक्स' कुळातील एखादी मुक्त प्रणाली बसविता येते. या कुळाचा गाभा लिनस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली प्रथम प्रसिद्ध केला. भारतात 'सी-डॅक' या संस्थेने 'बॉस' ही याच कुळातील प्रणाली सिद्ध केली असून तीत मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे.

वीज जाताच संगणकाची कार्यस्मृती पुसली जाते. म्हणून मुख्य फलकावरील एका चिपेत एक छोटा, न पुसणारा कार्यक्रम ठेवलेला असतो. यंत्र सुरू होताच तो जागा होतो आणि ठरलेल्या क्रमाने एकेक साधन तपासतो. जुन्या पद्धतीत तो चकतीच्या पहिल्या ५१२ बाइटांचा तुकडा वाचतो. त्याच्या अखेरीस ठराविक खूण आढळली, तरच तो तुकडा कामास लावतो. नव्या 'यूईएफआय' पद्धतीत तो ठरलेल्या जागी ठेवलेली फाइल शोधतो. सीडीवरून यंत्र कसे सुरू व्हावे, याचा 'एल टोरिटो' नावाचा संकेत १९९५ साली ठरला.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. संकेतस्थळावरून उतरवून घेतलेली 'आयएसओ' फाइल ही संपूर्ण तबकडीची हुबेहूब प्रतिमा असते. ती इतर फाइलींप्रमाणे नुसती नकलून ठेवली, तर ती खूण आपल्या जागी पडत नाही आणि यंत्र तिच्यावरून सुरू होत नाही. प्रतिमा लिहिणारा स्वतंत्र कार्यक्रम वापरून ती ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर, किंवा प्रतिमा त्याहून मोठी असल्यास पेन ड्राइव्हवर, उतरवावी लागते.

लिहिण्यापूर्वी फाइल अखंड आहे की नाही, हे पाहणे अगत्याचे असते. निर्माते तिच्यासोबत ६४ चिन्हांची एक मुद्रा प्रसिद्ध करतात. आपल्या फाइलीची मुद्रा काढून ती तिच्याशी ताडून पाहावी. फाइलीत एक अक्षर जरी बदलले, तरी सारी मुद्रा पालटते. पेन ड्राइव्हवर प्रतिमा लिहिताना त्यावरील पूर्वीचा मजकूर नष्ट होतो. आणि साधन निवडताना चूक झाली, तर घरातील छायाचित्रे व कागदपत्रे असलेली चकतीच पुसली जाते. म्हणून महत्त्वाच्या गोष्टींची एक प्रत आधी वेगळ्या साधनावर काढून ते साधन यंत्रापासून दूर ठेवणे, हेच यातले खरे शहाणपण होय.

मग यंत्र पुन्हा सुरू करून, आरंभीच्या यादीतून नवे साधन निवडावे. लिनक्सच्या पुष्कळ प्रणाली अशा वेळी मूळ चकतीला हात न लावता, केवळ कार्यस्मृतीच्या आधारे चालून दाखवितात. पडदा, ध्वनी, जाळे, मराठी टंकलेखन ही सारी पारखून घ्यावीत आणि समाधान झाल्यावरच 'प्रस्थापित करा' ही आज्ञा द्यावी. पुढच्या अडीअडचणीसाठी ती तबकडी मात्र जपून ठेवावी. शहाण्या घरातले विरजण कधी संपत नाही.