नाळेतील रक्तवाहिन्या व आपली जागरूकता

घरात बाळंतपण जवळ आले की आनंदाबरोबर काळजीही येते. अशा वेळी मूल पोटातच दगावले, तर 'ग्रहण पाळले नाही', 'सून पांढऱ्या पायाची' असे आजही बोलले जाते. कारणाशिवाय काहीही घडत नाही, ही तथागतांची शिकवण. म्हणून, आम्ही डॉक्टर नसलो तरी, ते कारण समजून घेण्याचा हा अल्प प्रयत्न.

नाळ बाळाला वारेशी जोडते. तिच्यात तीन रक्तवाहिन्या असतात. एक नीला प्राणवायूयुक्त रक्त बाळाकडे नेते, दोन रोहिण्या अशुद्ध रक्त वारेकडे परत नेतात. भोवती जेलीसारखा थर असल्याने त्या सहसा दबत नाहीत.

क्वचित, सुमारे २५०० गरोदरपणांत एकदा, या वाहिन्या अशा संरक्षणाविना पातळ पडद्यातून, गर्भाशयाच्या तोंडावरून जातात. यास व्हासा प्रिव्हिया म्हणतात. पाणमोट फुटताना वाहिनी फाटू शकते. वाहून जाते ते रक्त बाळाचे असते आणि पूर्ण दिवसांच्या बाळाच्या अंगात ते जेमतेम पाव लिटर असते. त्याहून दुर्मीळ म्हणजे रोहिणीत रक्ताची गुठळी होणे. त्यात बाळाची हालचाल मंदावणे हीच कधीकधी एकमेव खूण असते.

व्हासा प्रिव्हिया कलर डॉपलर सोनोग्राफीत आधी ओळखता येतो. मग कळा सुरू होण्यापूर्वीच, साधारण ३४ ते ३७ आठवड्यांत, शस्त्रक्रियेने प्रसूती करतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या १५५ गरोदरपणांच्या अभ्यासात आधी निदान झालेली शेकडा ९७ बाळे वाचली, न झालेली शेकडा ४४ च. वार खाली असेल किंवा जुळे असेल, तर डॉक्टरांना याबाबत अवश्य विचारावे. रक्तस्राव झाला, जरी पोटात दुखत नसले तरी, अथवा हालचाल कमी वाटली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर मातांची मोफत तपासणी होते. तिचा लाभ घ्यावा.

परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. मातेची काळजी ही साऱ्या समाजाची जबाबदारी आहे, हाच त्यातील बोध आम्ही घेतो. यापुढे आपल्या वस्तीत अशा दुःखी मातेला कोणी बोल लावला, तर आपण तिच्या बाजूने उभे राहू या.

जय भीम! नमो बुद्धाय!