लिंबू सरबतात पिळा, चेहऱ्यावर नको

"लिंबू, मध आणि चिमूटभर हळद. पंधरा मिनिटं ठेव आणि धुऊन टाक, चेहरा उजळतो की नाही बघ." हा सल्ला ज्या घरात पोचला नाही असं मराठी घर सापडणं कठीण. दहावीतल्या मुलीला मुरुमं आली, मे महिन्यात गावाहून कुणी रापून आलं, लग्न पंधरा दिवसांवर आलं की तो हमखास मिळतो. शंका काढली तर उत्तरही ठरलेलं असतं: "अगं, घरचंच तर आहे. नैसर्गिक आहे, त्याचा काय त्रास होणार?"

मला राग येतो तो या उत्तराचा. बिब्बाही नैसर्गिकच असतो. त्याचं तेल अंगावर उतलं की काय होतं ते ज्याने भोगलंय त्याला विचारावं. काजूच्या टरफलातला चीक हातावर उडाला की कातडी सोलवटते, हे कोकण-गोव्यात काजू फोडणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. अळू चिरताना हात खाजतात म्हणून आपण हाताला तेल चोळतो. वनस्पतीत जे असतं ती रसायनंच असतात, हे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. लिंबू चेहऱ्याजवळ आलं की मात्र त्याचा विसर पडतो.

आपल्या निरोगी त्वचेचा वरचा थर किंचित आम्लधर्मी असतो, त्याचा सामू साधारण 5 च्या आसपास. लिंबाच्या रसाचा सामू 2 ते 2.5. आकडे जवळचे वाटतात, पण सामूच्या मोजपट्टीवर एकेक अंक म्हणजे दहापट फरक. म्हणजे लिंबाचा रस त्वचेपेक्षा शेकडो पटींनी अधिक आम्लधर्मी. तो लावल्यावर चुणचुणतं. त्यावर "चुणचुणतंय म्हणजे काम करतंय" असं समजावलं जातं. चुणचुणणं ही त्वचेची तक्रार असते. वरच्या थरातल्या पेशींना धरून ठेवणारी स्निग्ध द्रव्यं विस्कटली की आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचं नको ते आत शिरतं. त्यातच काही जण अर्धं लिंबू साखरेत बुडवून नाकावर खसाखसा घासतात. साखरेच्या दाण्याच्या कडा धारदार असतात. त्या डोळ्यांना न दिसणारे बारीक ओरखडे काढतात आणि त्या ओरखड्यांत आम्ल मुरतं.

पण आम्ल हा यातला लहान धोका. मोठा धोका रसात आणि त्याहून जास्त सालीत असलेल्या फ्युरोकुमारिन नावाच्या रसायनांचा आहे. ही रसायनं त्वचेवर असताना ऊन पडलं, तर उन्हातल्या अतिनील किरणांपैकी 'ए' गटाचे किरण त्यांना चेतवतात आणि त्वचेच्या पेशी भाजून निघतात. या विकाराला फायटोफोटोडर्माटायटिस म्हणतात, आणि त्वचारोगाच्या पाठ्यपुस्तकांत त्याच्या कारणांमध्ये लिंबाचं नाव अगदी वर असतं. परदेशी लेखांत ज्याला लेमन म्हणतात ते मोठं पिवळं फळ वेगळं. आपलं कागदी लिंबू लाइम या गटातलं, आणि हा विकार करण्यात लाइमच पुढे.

हे भाजणं लगेच कळत नाही, म्हणून लिंबू नेहमी निर्दोष सुटतं. लालसरपणा किंवा फोड साधारण 24 तासांनी उमटायला लागतात, दोन-तीन दिवसांत वाढतात आणि ओसरताना मागे तपकिरी-काळे डाग ठेवतात. ते डाग काही आठवडे, कधी काही महिने राहतात. तोवर कुणाला लेप आठवत नाही, दोष उन्हाला किंवा 'उष्णता बाहेर पडली' याला दिला जातो. पण डाग नीट पाहिला तर तो बोलतो. रस ओघळला तिथे ओघळासारखी रेघ, बोटं फिरली तिथे बोटांचे ठसे, गालापासून हनुवटीपर्यंत थेंबाची वाट. उन्हात बसून सरबतासाठी ढीगभर लिंबं पिळणाऱ्यांच्या हातांवरही असेच डाग उठतात. उन्हाने सरसकट रापलेली त्वचा अशी रेघांनी रापत नाही.

याच्या पुढची गोष्ट तर प्रत्येक लिंबूभक्ताला सांगावीशी वाटते. आयुर्वेदात कोडावर बावचीच्या बिया वापरतात. त्या बियांत सोरालेन असतं, आणि ते लिंबातल्या या रसायनांच्याच कुळातलं आहे. आधुनिक वैद्यकानेही तेच उचललं: सोरालेन द्यायचं, मग मोजूनमापून अतिनील किरण द्यायचे, म्हणजे पांढऱ्या डागात रंग भरतो. त्वचा काळवंडावी म्हणून डॉक्टर ज्या कुळातलं रसायन वापरतात, तेच आपण उजळपणासाठी चेहऱ्याला फासतो आणि गच्चीवर जाऊन बसतो.

"मग रात्री लावू, सकाळी धुऊ," असं यावर कुणीतरी म्हणतंच. उन्हाचा धोका त्याने कमी होईल, आम्लाचा होणार नाही. आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेला आम्लाचा दाह जास्त महाग पडतो. त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी 1975 मध्ये त्वचेचं वर्गीकरण मांडलं. आजच्या सहा प्रकारांच्या पट्टीवर बहुतेक भारतीय चौथ्या ते सहाव्या प्रकारात येतात. या त्वचेत मेलॅनिन भरपूर असतं. ते उन्हापासून राखण करतं, पण कुठेही जळजळ झाली, ओरखडा उठला, मुरूम फोडला, की तिथे जास्तीचं मेलॅनिन साचून डाग पडतो. गोऱ्या कातडीवर जे नुसतं लाल होऊन जाईल ते आपल्याकडे महिनोन्‌महिने दिसत राहतं. परदेशी व्हिडिओतली बाई हसत लिंबू चोळते, म्हणून आपणही चोळावं असं नाही.

व्हिटॅमिन 'सी'चा मुद्दाही लगेच पुढे येतो. व्हिटॅमिन 'सी' त्वचेला उपयोगी आहे, यात वाद नाही. पण किती? शंभर ग्रॅम लिंबूरसात ते साधारण 30 ते 50 मिलिग्रॅम असतं, म्हणजे फार तर 0.05 टक्के. त्वचेतून ते आत कसं शिरतं याचा अभ्यास अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे शेल्डन पिनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केला. सामू साडेतीनच्या खाली हवा आणि प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत वाढवलं तसं शोषण वाढतं, असं त्यांना दिसलं. सीरममध्ये सहसा 10 ते 20 टक्के असतं. लिंबाच्या रसात त्याच्या दोनशेवा भागही कसाबसा. लिंबातलं 'सी' हवं असेल तर ते पोटात जाऊ द्या, तिथे त्याचं सोनं होईल.

"पार्लरमध्ये आणि दवाखान्यातही अ‍ॅसिडचं पील करतातच ना?" करतात. तिथे आम्ल कोणतं, किती टक्के, सामू किती, किती मिनिटं हे ठरलेलं असतं, आणि नंतर सनस्क्रीन लावण्याची ताकीद असते. फळातलं प्रमाण झाडागणिक, पिकण्यागणिक बदलतं.

मग लेप धुतल्यावर चेहरा उजळ दिसतो तो भास असतो का? भास नाही. वरचं तेल, धूळ, सुटलेल्या मृत पेशी निघून गेलेल्या असतात, त्वचेने थोडं पाणी धरलेलं असतं, त्यामुळे उजेड तिच्यावरून सारखा परावर्तित होतो. हे कोणत्याही सौम्य लेपाने होतं, त्याला लिंबू लागत नाही. रंग मात्र बदलत नाही. मेलॅनिन बनवणाऱ्या पेशी बाह्यत्वचेच्या तळाशी बसलेल्या असतात, आणि तिथल्या पेशीला पृष्ठभागावर यायला साधारण चार आठवडे लागतात. पंधरा मिनिटांत धुतलेली पिठाची पेस्ट तिथवर पोचत नाही. आणि सावळी मुलगी ही दुरुस्त करायची गोष्ट आहे, हा समज आता तरी घराघरांतून गेला पाहिजे.

हळदीबद्दल थोडं सविस्तर, कारण तिच्या नावावर एक अभिमानाची गोष्ट चुकीची सांगितली जाते. 1995 मध्ये अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिलं गेलं, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. या लढ्याचा अभिमान वाटायलाच हवा. पण तो वाद जखमेवरच्या हळदीचा होता. हळदीने गोरेपणा येतो असं त्यात कुणी सिद्ध केलेलं नाही. लेपानंतर येतो तो पिवळसर रंग हळदीचा, आपला नव्हे. चिमूटभर घालायला हरकत नाही, पण पिवळीधमक सुटी पूड चेहऱ्याला लावण्याआधी विचार करा. हळदीचा रंग खुलवायला शिशाचं क्रोमेट मिसळतात, हे बांगलादेशातल्या हळदीवरच्या 2019 च्या अभ्यासात दिसलं, आणि मेटॅनिल यलो या रंगाची भेसळ आपल्याकडेही जुनीच. हळकुंड आणून दळलेलं बरं.

बाकीचे समज चटकन उरकते. वाफेने रोमछिद्रं उघडतात आणि बर्फाने बंद होतात, असं नाही, त्यांना उघडझाप करायला स्नायूच नसतात. लेप वाळून चेहरा ताणला म्हणजे त्वचा घट्ट होत नाही, माती आक्रसते आणि जाताना तुमचं पाणी घेऊन जाते. खायचा सोडा लिंबाच्या उलट टोकाचा, सामू 8 च्या वर, तोही त्वचेला तितकाच परका. मुरुमांवर टूथपेस्ट लावू नका, ती दातांसाठी बनलेली आहे. दालचिनी हा अ‍ॅलर्जीचा नावाजलेला धोका आहे. कच्च्या पपईचा चीक भाजतो. कोरफड कापल्यावर गळणारा पिवळा चीकही त्रास देतो, पात उभी ठेवून तो निथळू द्या आणि आतला पारदर्शक गरच घ्या. कच्च्या अंड्याचा लेप तोंडाजवळ नको, साल्मोनेलाची भीती असते. आणि लेप शरीरातली विषद्रव्यं ओढून काढत नाही, ते काम यकृत आणि मूत्रपिंडांचं.

हे सगळं वाचून घरचे लेप सोडून द्या असं मला म्हणायचं नाही. आपली जुनी पद्धत खरं तर शहाणी होती. नरक चतुर्दशीला आधी अंगाला तेल चोळतात, मग उटणं, आणि लगेच आंघोळ. तेलामुळे उटणं थेट त्वचेवर खरखरत नाही आणि तडकेपर्यंत तर ते कुणीच ठेवत नाही. रोज साय आणि डाळीचं पीठ लावणाऱ्या आज्याही चोळून लगेच धुवायच्या.

आपली त्वचा कोणती ते आधी पाहा. सौम्य साबणाने चेहरा धुऊन तासभर काहीच लावू नका. गाल ओढल्यासारखे वाटले तर त्वचा कोरडी, सगळीकडे चकाकी आली तर तेलकट, फक्त कपाळ-नाक-हनुवटी चकाकली तर मिश्र. हा निकाल कायमचा नसतो. मुंबईच्या दमट हवेत तेलकट असलेला चेहरा डिसेंबरात नागपूरला गेला की फुटायला लागतो.

तेलकट त्वचेला मुलतानी माती खरोखर चालते, कारण ती तेल शोषते. ती साध्या पाण्यात किंवा गुलाबपाण्यात कालवा, आठवड्यातून एकदा लावा, आणि आठ-दहा मिनिटांत कडा पांढऱ्या पडायला लागल्या की ओली असतानाच धुवा. कोरड्या त्वचेला हीच माती शत्रू. तिथे साय आणि बारीक दळलेले ओट्स घ्या. ओट्सच्या बारीक पिठाला अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने 2003 मध्ये त्वचारक्षक म्हणून मान्यता दिली आहे, म्हणजे या बाबतीत नुसत्या ऐकीव गोष्टीवर विसंबावं लागत नाही. नाजूक, पटकन लाल होणाऱ्या त्वचेला ओट्स आणि पाणी एवढंच पुरे, जितके जिन्नस कमी तितकं बरं. मिश्र त्वचेला नाक-कपाळाला माती आणि गालांना साय असं वाटून लावता येतं. दही किंचित आंबट, त्यात लॅक्टिक आम्ल थोडंसंच, म्हणून बहुतेकांना सोसतं, मात्र ते ताजं हवं. मध ओलावा धरून ठेवतो. मुरुमांच्या चेहऱ्यावर खोबरेल आणि साय नको, घासणं तर मुळीच नको. लेप कोणताही असो, लागेल तेवढाच कालवा. पाणी लागलेलं पीठ दुसऱ्या दिवसासाठी ठेवलं की त्यात जंतू वाढतात.

नवा जिन्नस थेट चेहऱ्यावर लावू नका. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांच्या अकादमीचा सल्ला असा: कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी दिवसातून दोनदा लावा आणि असं सात ते दहा दिवस करून पाहा. लग्नाला आठवडा उरलेला असताना नवं काही सुरू करू नका, हे त्यातूनच आलं.

लेपानंतर आग झाली, लाल झालं, फोड आला, तर गार पाण्याने भरपूर धुवा, उन्हात जाऊ नका, फोड फोडू नका. उतारा म्हणून दुसरा लेप लावू नका, आणि कुणाच्या तरी घरातली स्टिरॉइडची ट्यूब तर मुळीच नको. त्वचेच्या डॉक्टरकडे जा, आणि काय काय लावलं होतं, कधी लावलं, नंतर उन्हात गेला होता का, हे सगळं कागदावर लिहून न्या. लाजून लपवू नका. त्या यादीवरून निदान लवकर होतं, आणि डाग लवकर आवरतो.