चार बोल्टांचें चाक आणि पांच बोल्टांचें चाक

पोर्श ९१४ ही जर्मनींतील दोन आसनांची छोटी मोटार १९६९ ते १९७६ या काळांत तयार होत असे. तिच्या चार सिलिंडरांच्या गाडीचें चाक चार बोल्टांवर बसे; सहा सिलिंडरांच्या गाडीला मात्र तिची थोरली बहीण ९११ हिच्याप्रमाणें पांच बोल्ट असत. सहा सिलिंडरांच्या गाड्या सुमारें ३,३०० निघाल्या, चारांच्या लाखाहून अधिक. त्यामुळें आज जतन केलेल्या बहुतेक गाड्या चार बोल्टांच्या, आणि मालकांचें मन मात्र ९११ च्या देखण्या चाकांवर, असा प्रकार दिसतो.

पण चाक बदलावयाचें, तर ब्रेकला हात लावण्याचें कारण काय? बैलगाडीच्या चाकाला जसा तुंबा, तसा मोटारीच्या चाकाला हब. आणि ब्रेकची लोखंडी चकती या हबाबरोबरच फिरते. चार बोल्टांच्या गाडींत पुढच्या बाजूस हब आणि चकती एकत्रच ओतलेलीं आहेत. मागें चकती हबावर टोपीसारखी बसते व बोल्ट तिच्या छिद्रांतून जातात. बोल्ट बदलले कीं चकती बदलणें आलेंच.

कांहीं जण जुन्याच चकतीला नवीं छिद्रें पाडतात. दोन्ही प्रकारांत छिद्रांच्या वर्तुळाचा व्यास १३० मिलिमीटर असल्यानें हें सोपें वाटतें. परंतु एक छिद्र जुन्यावर आणलें, तरी दुसरें एखादें जुन्या छिद्रापासून जेमतेम २० मिलिमीटरांवर येतें. बोल्ट १४ मिलिमीटरांचा, म्हणजे मध्यें उरणारा धातु अवघा ६ मिलिमीटर! त्यांतून छिद्र केसभर ढळलें तर चाक थरथरणार तें वेगळेंच.

दुसरा मार्ग ९११ च्या चकत्यांचा. ९१४ ची पुढची मूळ चकती भरीव, सुमारें ११ मिलिमीटर जाड. ९११ ची सुमारें २०, आणि पोटांत वारा खेळण्यास वाटा ठेविलेली. ९०० किलोंची गाडी ताशीं १०० किलोमीटर वेगावरून थांबवितांना जी उष्णता निर्माण होते, ती लिटरभर पाणी उकळीस आणण्याइतकी असते. वेग दुप्पट झाला तर उष्णता चौपट. आल्प्सच्या उतारावर त्या वाटांचें मोल कळतें.

मात्र जाड चकती जुन्या कॅलिपरांत, म्हणजे तिला दोहों बाजूंनीं दाबणाऱ्या चिमट्यांत, मावत नाहीं. म्हणून जाणते कारागीर हब, चकती, कॅलिपर आणि धक्के शोषणारा खांब असा ९११ चा सारा पुढचा संचच बसवितात. नव्या कॅलिपरांचे दट्टे मोठे असले तर त्यांना तेल अधिक लागतें आणि पायाखालचा पेडल खोल जातो. १७ मिलिमीटरांचा मुख्य सिलिंडर काढून १९ चा घालतात, तो यासाठींच. पेडल वर येतो, पण पायाला जोर अधिक लावावा लागतो.

मागच्या बाजूस हौस आवरावी. ९११ चा हातब्रेक मागच्या चकतीच्या पोटांत ड्रमच्या रूपानें असतो, ९१४ चा मागच्या कॅलिपरांतच. तो कॅलिपर काढला कीं हातब्रेक गेला. तशी गाडी रस्त्यावर आणणें हा उघड निष्काळजीपणा होय. तेथें मूळ कॅलिपर ठेवून पांच छिद्रांची पातळ चकती घालणें बरें. मागील दाब वाढविण्याचा मोहहि टाळावा, कारण मागचीं चाकें आधीं जखडलीं तर गाडी गर्रकन् फिरते. काम पुरें झाल्यावर मोकळ्या मैदानांत, बेताच्या वेगानें ब्रेक दाबून, पुढचीं चाकें आधीं जखडतात कीं मागचीं, हें बाहेर उभ्या राहिलेल्या माणसाकडून पाहून घ्यावें.