चिलखताचं कातडं कोणी कमावलं?

जपान म्हटले की नागपूरच्या बौद्ध माणसाला तो परका मुलूख वाटत नाही. इंदोऱ्याच्या बुद्धविहारामुळे भदन्त आर्य नागार्जुन सुरई ससाई हे नाव आपल्या घराघरांत पोचले. जपानच्या ओकायामा भागात १९३५ साली जन्मलेला हा भिक्खू १९६०च्या दशकात भारतात आला आणि नागपूरचाच झाला. १९९२ पासून महाबोधी विहाराच्या मुक्तीसाठी त्यांच्यामागे आपलीच माणसे बुद्धगयेला गेली. कामठीला १९९९ मध्ये ओगावा सोसायटीचे ड्रॅगन पॅलेस उभे राहिले, तेव्हापासून तर सुटीच्या दिवशी लेकरांना घेऊन 'जपानी विहार' पाहायला जाणे हा आपल्या कुटुंबांचा रिवाजच पडला आहे.

आता यात नवी भर पडली आहे. आपली पोरे जपानची कार्टूने पाहतात, सामुराईंचे सिनेमे पाहतात आणि त्यावरून स्वतः गोष्टी लिहितात. माणसे इतिहासातली, गाव जपानमधले, प्रसंग मात्र यांनी रचलेला. आवडत्या वीराला उचलायचे आणि त्याच्या तोंडी आपल्या मनातले घालायचे. मोठी माणसे याला रिकामा उद्योग म्हणतात. आम्हाला तसे वाटत नाही. म्हणूनच आमच्या वस्तीतल्या विहारात वर्षावासाचे ग्रंथवाचन आटोपल्यावर अशा दोन गोष्टी सर्वांसमोर वाचायला लावल्या. पावसाळ्याच्या दिवसांत तिथे बायामाणसे तशीही बसलेली असतात. त्या गोष्टींवरून जो वाद झाला तो वाचकांपुढे ठेवण्यासारखा आहे.

पहिली गोष्ट एका ताईची. दवाखान्यात रात्रपाळी करते आणि मिळेल त्या वेळात लिहिते. तिने विषय घेतला भदन्त बोधिसेन यांचा. पुष्कळांनी हे नावही ऐकलेले नसेल, म्हणून थोडे सांगतो. बोधिसेन हा भारतातला भिक्खू. तो आधी चीनमध्ये गेला, तिथून जपानी दूतांच्या आमंत्रणावरून इ. स. ७३६ मध्ये जपानला पोचला. त्याच सुमारास त्या देशात देवीच्या साथीने माणसे पटापट मरत होती. पुढे ७४३ मध्ये सम्राट शोमू याने बुद्धाची प्रचंड मूर्ती घडवण्याचा संकल्प सोडला. नारा शहरातल्या तोदाइजी विहारातली ती मूर्ती, उंची सुमारे १५ मीटर. ७५२ मध्ये मूर्तीचे डोळे उघडण्याचा, म्हणजे बुबुळे रंगवण्याचा सोहळा झाला आणि तो मान बोधिसेनला मिळाला. त्याच्या हातातल्या कुंचल्याला लांबच लांब दोर बांधला होता. जमलेल्या लोकांनी तो धरला, म्हणजे डोळे उघडण्याच्या पुण्यकर्माला सगळ्यांचाच हात लागला. तो कुंचला आणि तो निळा रेशमी दोर नाराच्या शोसोइन भांडारात आजही जपून ठेवलेला आहे. बोधिसेन ७६० मध्ये तिकडेच वारला.

ताईची गोष्ट बंदरावर सुरू होते. बोधिसेन नावेतून उतरतो आणि त्याला घ्यायला ग्योकी नावाचा जपानी भिक्खू आलेला असतो. हे खरेच घडलेले आहे. ग्योकी हा माणूस तर आपण मुद्दाम ओळख करून घ्यावी असा. गावोगाव फिरून गोरगरिबांत धम्म सांगणारा, त्यांना सोबत घेऊन पूल, तळी, रस्ते बांधणारा. सरकारला ते खपले नाही. ७१७ मध्ये त्याच्याविरुद्ध हुकूम निघाला. पुढे मोठ्या मूर्तीसाठी लोकांचे हात हवे झाले, तेव्हा त्याच सरकारने ७४५ मध्ये त्याला सर्वांत वरची पदवी दिली. (राज्यकर्त्यांची ही रीत आपल्याला नवी नाही.) एकाला दुसऱ्याची भाषा येत नाही, अशा या दोघांनी रात्रभर शेकोटीशी बसून काय बोलणे केले असेल, ते ताईने रचले आहे. एक जण हातावर पाण्याचा थेंब ठेवून दाखवतो, दुसरा तो आपल्या कपाळाला लावतो. इथे बायांनी टाळ्या वाजवल्या.

मग प्रश्न सुरू झाले. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका उठले. गोष्टीच्या शेवटी सोहळ्यात ग्योकी दोर धरून उभा आहे, पण तो तर ७४९ सालीच वारला, तीन वर्षे आधी. मेलेल्या माणसाच्या हातात दोर कसा दिला? ताई म्हणाली, "काका, माहीत होतं. पण ज्यानं लोक जमवले तोच शेवटी नसावा, हे मले पाहवलं नाही." काका म्हणाले, "मंग तसंच लिहायचं ना, का तो नव्हता म्हणून. त्याची जागा रिकामी ठेवायची." सभा क्षणभर गप्प झाली. आमच्या मते काकांची सूचना अस्सल लेखकाची होती.

खरी ठिणगी पुढेच पडली. जपानी लोक बोधिसेनला 'बारामोन सोजो' म्हणत, म्हणजे ब्राह्मण महास्थविर. जन्माने तो ब्राह्मण होता अशीच तिकडची नोंद आहे. ताईने आपल्या गोष्टीतून तो शब्दच काढून टाकला होता. एका शिक्षकाने हे दाखवून दिले आणि सभेचे दोन तट पडले. एक म्हणे, बरे केले, आमच्या लेकरांना जपानमध्ये नेऊनही तेच ऐकवायचे काय? दुसरा म्हणे, हे पुराणिकांचे काम झाले. त्यांनी आपला इतिहास पुसला म्हणून आपण ओरडतो, आणि पुसायचे रबर हाती आले की आपणही पुसायला बसतो.

आम्ही दुसऱ्या तटाचे. कारण सांगतो. तथागतांच्या संघात सारिपुत्त आणि मोग्गल्लान ब्राह्मण कुळातले होते, उपाली न्हावी होता, सुनीत रस्ते झाडणारा होता. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात या सगळ्यांच्या दीक्षा सांगितल्या, कोणाची जात झाकली नाही. झाकली असती तर सुनीताच्या दीक्षेचे मोल कळले नसते. जन्माने ब्राह्मण असलेला माणूस जात टाकून चीवर घालतो आणि समुद्रापार ग्योकीसारख्याच्या शेजारी बसतो, यात लपवण्यासारखे काय आहे? उलट, गोष्ट तिथेच आहे.

पण म्हणून कल्पनेला दार बंद करायचे असेही नाही. या बाबतीत बाबासाहेबांचाच दाखला आहे आणि तो आपल्या लिहिणाऱ्या मुलामुलींनी वाचलाच पाहिजे. अस्पृश्यतेच्या मुळाविषयीचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४८ साली निघाला. त्याच्या प्रस्तावनेत ते स्पष्ट सांगतात, की जिथे लेखी पुरावा नाही तिथे इतिहासकाराने हात बांधून बसू नये. तुटलेले दुवे कल्पनेने आणि तर्काने सांधावेत. हाडांच्या अवशेषांवरून लुप्त झालेला प्राणी उभा करावा तसे ते काम आहे, असा त्यांचा दृष्टान्त. मॅक्झिम गॉर्कीचाही आधार ते तिथे घेतात. म्हणजे कल्पना चालते, पण सापडलेल्या हाडांना धरून. हाड सापडलेले असताना ते फेकून द्यायचे आणि दुसरे बसवायचे, याला त्यांची संमती नाही.

उलट बाजूही पाहा. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही गोष्ट शेकडो वर्षे चालत आली होती. २९ वर्षांच्या माणसाने तोपर्यंत यातले काहीच पाहिले नसेल, हे बाबासाहेबांच्या बुद्धीला पटेना. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि शाक्य-कोलियांच्या रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे आणला. पाण्यासाठी लढाई नको म्हणणारा तरुण आपल्याला लगेच समजतो. महाडच्या तळ्याचे पाणी आपण विसरलेलो नाही. परंपरेतली गोष्टही बुद्धीला विचारून घ्यायची, हा त्याचा अर्थ. ससाईंना राजगीरला असताना स्वप्नात नागार्जुन दिसले आणि त्यांनी नागपूरला जा म्हणून सांगितले, अशी हकिगत सांगतात. कोणी गोष्टीत ते स्वप्न घालावे, आमची हरकत नाही. पण पुढची वर्षानुवर्षांची पायपीट गोष्टीत नसेल, तर नुसत्या स्वप्नाला आम्ही चार आणेही देणार नाही.

दुसरी गोष्ट अकरावीतल्या एका पोराची. सामुराईची. चकचकीत तलवार, लाल दोऱ्यांनी विणलेले चिलखत, मालकासाठी प्राण देणारा वीर. मुलगा झकास वाचत होता. संपल्यावर मागच्या रांगेतले एक बाबा, ज्यांनी उभी हयात चपला-जोडे शिवण्यात घालवली, त्यांनी एवढेच विचारले, "बाबू, त्या चिलखताचं कातडं कोणी कमावलं?"

पोरगा गोंधळला. आम्हालाही वाटले, की सबंध जपानच्या इतिहासाला इतका नेमका प्रश्न क्वचितच कोणी विचारला असेल. कारण त्याचे उत्तर आहे. जपानमध्येही जनावरे फाडणारे, कातडे कमावणारे, देहान्ताच्या शिक्षेच्या वेळी राबवले जाणारे लोक वेगळ्या वस्त्यांत ठेवले जात. त्यांना 'एता' म्हणत आणि त्या शब्दातच विटाळ भरलेला आहे. सामुराईच्या अंगावर चढणारे कातडे यांच्या हातचे, पण हे सामुराईच्या दारात चढू शकत नव्हते. १८७१ मध्ये सरकारी हुकमाने हा भेद कायद्यातून गेला, लोकांच्या मनातून गेला नाही. तेव्हा या बुराकू लोकांनी ३ मार्च १९२२ रोजी क्योतोला 'सुइहेइशा' ही आपली संघटना उभारली आणि माणूस म्हणून मान मागितला. आपला महाडचा सत्याग्रह १९२७ च्या मार्चमधला. पाच वर्षांचे अंतर.

हे ऐकून एका आजींनी विचारले, "तिथं तं सारे बौद्धच ना वो? मंग तिथं बी आपल्यासारखे लोक कसे?"

प्रश्न अवघड आहे आणि तो टाळू नये. बौद्ध देशातल्या विहारांनीही हा भेद पाळला. बुराकूंसाठी वेगळी मंदिरे होती. माणूस मेल्यावर भिक्खू त्याला जे धम्मनाव देतात, त्यातही बुराकूंच्या वाट्याला पशू, हीन अशा अर्थाची अक्षरे घातली गेली आणि थडग्यांवर कोरली गेली. १९७९ मध्ये एका जागतिक धर्मपरिषदेत सोतो या मोठ्या झेन पंथाच्या प्रमुखाने आमच्याकडे आता असा भेद नाही असे ठोकून दिले. बुराकू संघटनेने जाब विचारला. त्याला शब्द मागे घ्यावे लागले, पंथाला चूक कबूल करून ती नावे शोधून बदलावी लागली. नुसते पाटी बदलून 'बौद्ध' लिहिले की जात जाते, असे ज्यांना वाटते त्यांनी हे प्रकरण ध्यानात घ्यावे. बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा उगाच दिल्या नव्हत्या.

याच विषयावर जपानमध्ये वाचक आणि लेखक यांचा मोठा झगडा झालेला आहे. शिमाझाकी तोसोन यांची 'हाकाई' ही कादंबरी १९०६ ची. तिचा नायक उशिमात्सु हा शिक्षक. जात कोणालाही सांगू नकोस अशी बापाची आज्ञा तो पाळतो, आतून कुढत राहतो आणि शेवटी वर्गात गुडघे टेकून विद्यार्थ्यांपुढे जात सांगतो, माफी मागतो आणि अमेरिकेत टेक्सासला जायला निघतो. पुस्तक गाजले. पण बुराकू वाचकांनी विचारले, की माफी कशाची? गुन्हा कोणाचा? झगड्याचा परिणाम असा, की १९३९ मध्ये कादंबरी शब्द बदलून काढावी लागली आणि मूळ रूपात ती १९५३ साली परत आली. शब्द बदलले तरी नायकाचे गुडघे जमिनीवरच राहिले, तेव्हा खरा प्रश्न शब्दांचा नव्हता.

आपल्याकडे बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ चा. त्या कथेतलाही माणूस नोकरीच्या गावी छप्पर मिळावे म्हणून जात लपवतो आणि उघडकीला आल्यावर मार खातो. पण माफी मागत नाही. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली, तर तोसोन बाहेरून पाहत होते आणि बागूल आतून बोलत होते, हे कोणालाही कळेल. तोसोनचे नाव आम्ही कमी करत नाही. त्या काळी त्या विषयाला हात घालायलाही छाती लागत होती.

त्या रात्री सामुराईवाल्या पोराने वही परत नेली. आठ दिवसांनी आणली तेव्हा सामुराई तोच होता, पण गोष्ट आता चिलखत शिवणाऱ्याच्या मुलाच्या तोंडून सुरू होत होती. शेवट त्याला जुळला नाही. पोरगा चिलखत पोचवायला वाड्याच्या फाटकाशी जातो आणि तिथेच वही थांबली आहे. त्याने आत जावे की चिलखत तिथेच टाकून परत फिरावे, यावर विहारात अजून एकमत नाही. बायांचे म्हणणे आहे, आधी मजुरी मागावी.

ताईने ग्योकीची जागा रिकामी ठेवली आणि 'ब्राह्मण' हा शब्द परत घातला, एका ओळीत, जसा तिकडच्या नोंदीत आहे तसा. आता आमच्याकडे एक रीत पडली आहे. गोष्ट वाचून झाली की लिहिणाऱ्याने उभे राहून सांगायचे, यातली कोणती माणसे व साले खरी आणि कोणता प्रसंग माझ्या पदरचा. ज्या वस्त्यांतल्या विहारात वाचन चालते तिथे ही रीत करून पाहावी. मागच्या रांगेत बसणाऱ्या कारागिरांना मात्र आधी बोलू द्यावे. शिक्षक मंडळी नंतर बोलतीलच.