ठेकेदाराची जोखीम : काही रूढ गैरसमज

बांधकामाच्या धंद्यात मुरलेल्या समजुतींपैकी सर्वांत घट्ट समजूत अशी की, मुकादमाला मजूर पुरवण्याचा ठेका दिला, 'मजुरांच्या जिवाची जबाबदारी माझी' असा मजकूर त्याच्याकडून मुद्रांकावर लिहून घेतला आणि हजेरीपट त्याच्याच वहीत राहू दिला, म्हणजे आपल्या शिरावरचा भार उतरला. वस्तुतः 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने हा मामला शंभर वर्षांपूर्वीच निकालात काढलेला असून, 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते तत्त्व कायम आहे : आपल्या धंद्यातील काम जो पोटठेकेदाराकडून करवून घेतो, तो त्या मजुराचा प्रत्यक्ष मालक असल्याप्रमाणेच भरपाईस बांधलेला असतो. दिलेली रक्कम पोटठेकेदाराकडून वसूल करण्याचा हक्क त्यास जरूर आहे. परंतु ज्या मुकादमाची सारी मालमत्ता एक जुना मिक्सर आणि एक मोटारसायकल एवढीच, त्याच्याकडून वसुली काय होणार, याचा हिशेब ठेकेदाराने स्वतःच करावा. 'अपघात झाल्यास माझी तक्रार नाही' या मजकुराखाली मजुराचा अंगठा घेतलेल्या कागदाची किंमत तर याहूनही कमी, कारण भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याच्या दृष्टीने मुळातच रद्दबातल ठरतो.

मृताच्या वारसांना चार प्रतिष्ठितांदेखत रोख रक्कम देऊन प्रकरण मिटवण्याचा प्रघातही असाच भ्रामक आहे. मृत्यूची भरपाई सक्षम प्राधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. परभारे दिलेली रक्कम, तीन महिन्यांच्या वेतनाइतकी आगाऊ रक्कम वगळता, भरपाई म्हणून धरली जात नाही. मग ठेकेदार दोनदा देतो, आणि दुसऱ्यांदा देताना दैवाला दोष देतो. 'त्याने हेल्मेट काढून ठेवले होते', 'तो प्यायलेला होता' या सबबी लहान दुखापतीपुरत्या ऐकल्या जातील. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असता त्या कायद्याने बाद आहेत.

विम्याविषयी थोडक्यात सांगायचे तर, ठेकेदार सहसा जी 'ऑल रिस्क' पॉलिसी घेतात, ती मुख्यतः इमारतीची हानी आणि त्रयस्थांचे नुकसान यांपुरती असते. स्वतःचे मजूर त्रयस्थांत मोडत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. भरपाई एका महिन्याच्या आत न दिल्यास 12 टक्के व्याज लागते, आणि विलंबास योग्य कारण नसेल तर निम्म्यापर्यंत वाढीव दंड बसू शकतो; हा दंड विमा कंपनीच्या माथी मारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली मोटार अपघाताच्या एका खटल्यात स्पष्ट केले. बांधकाम खर्चाचा 1 टक्का उपकर भरला म्हणजे कर्तव्य संपले, हीदेखील समजूतच. तो पैसा कल्याणकारी मंडळाकडे जातो, आणि त्याचा लाभ नोंदणी झालेल्या मजुरासच मिळतो.

परंतु कागदापेक्षा माती अधिक फसवी. 'जमीन पक्की आहे, एका दिवसाचे तर काम' असे म्हणून उघडा सोडलेला चर प्रथम काही तास खरोखरच भिंतीसारखा सरळ उभा राहतो, आणि हाच त्याचा घात. कारण खोदताच बाजूच्या मातीचा आधार गेलेला असतो, आणि काठावर टाकलेल्या ढिगाऱ्याचा भार, शेजारून जाणाऱ्या डंपरचे हादरे किंवा पावसाची एखादी सर एवढ्यानेही ती सुटते. एक घनमीटर मातीचे वजन दीड टनाहून अधिक असते. छातीपर्यंत गाडला गेलेला मनुष्य श्वास सोडतो तशी माती आत सरकते आणि पुढचा श्वास घेण्यास जागा उरत नाही. म्हणूनच केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाची सुरक्षा संहिता सांगते की, दीड मीटर किंवा त्याहून खोल चराच्या बाजू पायऱ्यांनी किंवा उताराने मागे घ्याव्यात अथवा त्यांना टेकू द्यावेत, आणि निघालेली माती काठापासून दीड मीटर किंवा चराच्या निम्म्या खोलीइतकी, यांपैकी जे अंतर अधिक असेल तितकी दूर टाकावी. जोखीम कामाच्या वेळेपुरती असते, हेही खरे नव्हे. पुण्याच्या कोंढव्यात 29 जून 2019 च्या पहाटेपूर्वी, पावसात, बांधकामालगतची संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून 15 जण मृत्युमुखी पडले, तेव्हा ती माणसे झोपेत होती.

उंचीवरील कामात पट्ट्यावर भिस्त ठेवणारांनी थोडे गणित करावे. दोर सुमारे दोन मीटरचा, धक्का शोषणारी पट्टी उलगडून पावणेदोन मीटरपर्यंत वाढणारी, शिवाय मनुष्याची उंची. हुक पायाशी अडकवला असेल, तर पडणाऱ्यास सावरण्यास सहा मीटरांच्या आसपास मोकळी जागा लागते. पहिल्या मजल्याचा स्लॅब जमिनीपासून तीन-साडेतीन मीटरवर असतो. म्हणजे तेथे पट्टा बांधूनही मनुष्य जमिनीवरच आदळणार. त्याला वाचवील तो निदान 90 सेंटिमीटर उंचीचा मजबूत कठडा. डक्टच्या भोकावर नुसते ठेवलेले प्लायचे तुकडे याहूनही घातक : खाली भोक आहे हे ठाऊक नसलेला मजूर कामाचा तुकडा दिसला म्हणून तो दोन्ही हातांनी उचलतो, आणि पुढचेच पाऊल पोकळीत पडते. झाकण खिळ्यांनी पक्के ठोकून त्यावर रंगाने 'खाली भोक' असे लिहिण्यास किती खर्च येतो, हे सांगायला नकोच.

ठेकेदार बंधूंना विनंती एवढीच की, पुढील निविदेचे अंदाजपत्रक करताना टेकू, कठडे आणि मजुरांच्या विम्याचा हप्ता या तीन बाबी स्वतंत्र ओळींत, स्वतंत्र दरांनी मांडाव्यात. 'किरकोळ खर्च' या सदरात कोंबलेली रक्कम दरांच्या घासाघिशीत सर्वांआधी कापली जाते.